शालीचं अस्तर

छावणीच्या फाटकासमोर मास्तरांचं शिलाईचं दुकान. शेजारच्या देशाशी आपलं वैर इतकं जुनं, की पहिल्या लढाईचे गणवेश मास्तरांच्या वडिलांनी शिवले, दुसऱ्या लढाईचे मास्तरांनी, आणि तिसरी लागली तेव्हा मास्तरांचा एकुलता एक पोरगाच गणवेश चढवून निघाला. भांडण कशावरून? तर एका टेकडीवरून. पहिल्यांदा ती आपण घेतली, दुसऱ्यांदा त्यांनी, आणि टेकडीवर म्हणाल तर गवतसुद्धा धड उगवत नाही!

सरकारी कोट म्हणजे नुसता देखावा, वारा आरपार जायचा. कोट मास्तरांनीच शिवलेले, त्यांना ठाऊक नसणार तर कोणाला? निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पोराचा कोट उसवला आणि आतून बायकोच्या जुन्या लोकरी शालीचं अस्तर लावलं.

"बाबा, हे नियमात बसत नाही," पोरगा म्हणाला.

"खड्ड्यात गेला नियम! कोट उलटा करून कोण बघतंय?"

"थंडी वाजली की माझी आठवण काढ," आई म्हणाली.

"आणि घाम आला की?"

"की बाबांची काढ."

तिघंही पोट धरून हसले. त्या घरातलं ते शेवटचं हसणं.

हिवाळा सरता सरता शस्त्रसंधी झाली आणि नदीवरच्या पुलावर मेलेल्यांची अदलाबदल सुरू झाली. एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. मागच्या लढाईत भलतेच मुडदे दिले म्हणून दोन्ही देश अजून एकमेकांच्या नावाने बोंबलत होते. म्हणून यंदा नवी रीत काढली. पुलाच्या मधोमध पेटी उघडायची, घरच्यांनी ओळख पटवायची आणि मगच ती ताब्यात घ्यायची.

मास्तरांना आणि बाईंना बोलावणं आलं. पेटीत चेहरा म्हणून काही उरलंच नव्हतं. हातही जळालेले. गळ्यातल्या बिल्ल्यावर मात्र पोराचा नंबर होता. पण मास्तरांचा हात पडला शिंप्याचा. तो आपसूक कोटाच्या आत गेला. छाती, काख, पाठ सगळीकडे चाचपून आला. अस्तर नव्हतं. नुसतं सरकारी कापड.

"हा आमचा नाही!" मास्तर ओरडलेच.

पुलावरचे आपले लष्करी साहेब म्हणाले, "नीट बघा. बिल्ला त्याचाच आहे."

"बिल्ला काय, कोणीही कोणाच्या गळ्यात घालेल! त्याच्या कोटाला अस्तर मी लावलंय, साहेब. आंधळा झालो तरी माझी टीप मी ओळखेन. हा आमचा नाही."

बाई पुढे सरकल्या. "अहो, मला पाय बघू द्या एकदा. त्याची डाव्या पायाची करंगळी वर चढलेली आहे. बूट काढायला सांगा ना."

"परक्याच्या पोराचे पाय बघून काय करणार आहेस? आपला जिवंत आहे, कळतंय का तुला? जिवंत!" मास्तरांनी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. इतक्या पेट्यांच्या मधे उभं राहून त्या माणसाला हसू आवरत नव्हतं. आणि त्याला तरी नावं कशी ठेवायची? बापाचा जीव भांड्यात पडला होता.

साहेबांनी पेटी परत पाठवली. पलीकडच्यांनी ती घेतली नाही, हा आमचा नाहीच म्हणाले. आधी शिवीगाळ झाली, मग बंदुका रोखल्या गेल्या आणि पेटी तिथेच पुलाच्या मधोमध राहिली. शत्रूने पुन्हा दगा दिला, असं आपला रेडिओ सांगायला लागला. त्यांचा रेडिओही तेच सांगत असणार. दुसऱ्या दिवशी तोफा पुन्हा सुरू झाल्या आणि पूल त्या पेटीसकट नदीत गेला.

मास्तरांना वाईट वाटलं, नाही असं नाही. कोणाचा तरी पोरगा होता बिचारा. पण आपला कैदेत असेल, आज ना उद्या सुटेल, असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. बाई मान हलवायच्या आणि पोराचं अंथरूण उन्हात घालायच्या.

अखेर तोफा दमल्या. एके दुपारी लंब्या दुकानात आला. हा मागच्या गल्लीतला, पोराबरोबरच भरती झालेला. पार खंगला होता, आणि कोटाच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर.

"अरे लंब्या, कोणाचा कोट ढापलास?" मास्तरांनी सवयीने कोटाची कड उलटून बघितली. आत शाल होती.

लंब्याने मान खाली घातली. "मला ताप चढला होता, मास्तर. दवाखान्यात धाडताना त्यानं हा माझ्या अंगावर घातला आणि माझा स्वतः घेतला. म्हणाला, बाबांना सांगू नकोस, चिडतील. मग चौकीवर गोळा पडला, चौकी त्यांच्या हातात गेली. तुम्ही त्याला घरी आणलंत ना? गळ्यात बिल्ला होता त्याच्या."

मास्तरांची बोटं टिपेवर तशीच राहिली. टीप त्यांचीच होती.

बाई आतून कधी आल्या, कळलं नाही. त्यांनी शाल ओळखली. लंब्याच्या अंगावरून कोट हळूच काढून घेतला आणि उराशी धरला. रडल्या नाहीत. मास्तरांकडे बघत एवढंच म्हणाल्या,

"मी पाय बघू द्या म्हणत होते."