दोन खुर्च्यांचं विमान

कल्पना करा, तुम्ही एका लहान पण भलत्याच वेगवान विमानात बसला आहात. समोर इतके काटे आणि इतकी बटणं, की घड्याळाच्या दुकानात शिरल्यासारखं वाटावं. खाली पिंजलेल्या कापसासारखे ढग. डावीकडे तुमचे आजोबा विमान चालवताहेत, उजवीकडे तुम्ही. आणि तुम्हाला एक काम दिलेलं आहे. खोटंखोटं नव्हे, खरं काम.

ते काम समजून घ्या. वेगानं जाणारं विमान वर गेलं की आपली चाकं पोटात ओढून घेतं, कारण बाहेर लोंबणारी चाकं वाऱ्याला अडतात आणि वेग खातात. उतरताना ती पुन्हा बाहेर काढावी लागतात. तिन्ही चाकं नीट बाहेर आली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. ते बघायचे आणि मोठ्यानं ओरडायचं, "तीन!" बस्स, एवढंच.

हे काम भिंगरीचं होतं. तिचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. विमानात मात्र ती शहाण्यासारखी बसायची.

एकदा उतरताना तिनं दिवे बघितले, तर एकही लागलेला नव्हता. शिवाय कुठूनतरी भोंग्यासारखा आवाज येत होता. आजोबा वाऱ्याविषयी काहीतरी पुटपुटत होते आणि समोरची धावपट्टी मोठी मोठी होत चालली होती.

"आजोबा, दिवे कुठायत? आणि हे काय वाजतंय?"

आजोबा दचकले. त्यांनी विमान झटकन वर उचललं, एक फेरी मारली, चाकं काढली आणि अलगद उतरले. चाकं विसरली की वाजणारा भोंगाच होता तो. त्यांच्या कानाशी वाजत होता आणि त्यांना ऐकू आला नव्हता. "शाब्बास, पोरी," एवढंच ते म्हणाले, आणि इंजिन बंद करून चाकांची कळ चाचपत राहिले.

भिंगरीला कोण आनंद! रात्री जेवताना तिनं घरात जाहीर केलं, "आज मी विमान वाचवलं!" आणि सगळी हकिकत मीठमसाला लावून सांगितली. भोंग्याचा आवाजसुद्धा काढून दाखवला.

आईचा हात ताटातच थांबला. "बाबा, खरं का हे?"

"अगं, एक फेरी जास्त मारली, एवढंच. ही कार्टी उगाच तिखट लावून सांगतेय."

"भोंगा वाजत होता, बाबा?"

आजोबांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला.

थोड्याच दिवसांत ते विमान विकलं गेलं. एका तरुण डॉक्टरानं घेतलं. ते उडून गेलं तेव्हा आजोबा हँगरच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या दारात उभे होते. विमान ठिपक्याएवढं झालं, मग दिसेनासं झालं, तरी ते तिकडेच बघत होते. भिंगरीच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली: मी तोंड उघडलं नसतं, तर विमान गेलं नसतं. तिला असं कुणी म्हणालं नाही. पण तसं नाही, असंही कुणी म्हणालं नाही.

मग आजोबांनी दुसरं विमान आणलं. दोनच खुर्च्या, जरा जुनं, रंग उडालेलं. चाकं कायमची बाहेर, त्यामुळे दिवेही नाहीत. विमानांची दुरुस्ती करणाऱ्या वंगणमामांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. त्यांचे हात सदा वंगणानं माखलेले, म्हणून हे नाव.

"काका, ही तर उडणारी सायकल! घंटी तेवढी बसवून देऊ का?"

"बसव की. कॅरिअर पण लाव, भाजी आणायला बरं," आजोबा म्हणाले आणि हसले. वंगणमामांचं हसू संपलं तरी हे आपले हसतच होते. भिंगरीला ते आवडलं नाही.

साधं विमान सोपं असतं असं आपल्याला वाटतं. पण हातांना जुनी सवय असते. आजोबा त्याला आधीच्या मोठ्या विमानाच्या वेगानं खाली आणायचे आणि ते हलकं पोर जमिनीवर टेकायलाच तयार नसायचं. धावपट्टीवरून तरंगत तरंगत थेट पलीकडच्या गवतात जायचं. शेजारी बसून शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "काका, तुमचे हात अजून त्या विमानातच आहेत." पुष्कळ सराव झाला आणि हात या विमानात आले. बाईंनी होकार दिला.

आईनं मात्र आपली अट घातली. "भिंगरीला न्या. पण बाबा, पुन्हा तसलं काही झालं, तर किल्ली माझ्याकडे. मग ती नाही आणि तुम्हीही नाही. कबूल?"

"कबूल, बाई, कबूल. हेडमास्तरीण आहेस नुसती."

तिला न्यायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी आजोबा विमानाची काच पुसत होते. भिंगरी फडकं पिळून देत होती. तिनं न राहवून विचारलं, "आजोबा, मोठं विमान माझ्यामुळे गेलं ना?"

"छे! माझ्यामुळे गेलं." त्यांनी काचेचा एकच कोपरा पुन्हा पुन्हा पुसला. "ह्याच्यात विसरण्यासारखं कमी आहे, म्हणून हे घेतलं. हे पण गेलं ना, तर सकाळी उठून मी करू काय, सांग बरं?"

 भिंगरीनं फडकं पुन्हा पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं, पण वारा नव्हता. आई आणि वंगणमामा हँगरच्या दारात चहा घेत उभे होते. मोठं विमान बाहेर काढायला वंगणमामांचा छोटा ट्रॅक्टर लागायचा. हे इतकं हलकं, की पुढच्या चाकाला एक लोखंडी दांडी अडकवायची आणि हातानं ओढायचं.

"मी येऊ का, काका?"

"घे चहा तू. मला काय धाड भरलीय?"

आजोबांनी विमान ओढून बाहेर नेलं. पंख हलवून पाहिले, शेपटी पाहिली, तेल तपासलं. मग आत बसून हाक दिली, "चला, भिंगरीबाई! गाडी सुटली!"

भिंगरी धावली. विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या जवळून कधी जायचं नाही हे तिला पाठ होतं, म्हणून ती लांबून वळसा घालून निघाली. आणि वळताना तिला दिसलं. दांडी अजून पुढच्या चाकालाच अडकलेली होती, थेट पंख्याखाली. इंजिन सुरू झालं असतं, तर फिरत्या पात्यानं त्या लोखंडाचे तुकडे कुणाच्या अंगावर भिरकावले असते कोण जाणे. हँगरच्या दारातून दांडी दिसण्यासारखी नव्हती. विमानाची शेपटी तिकडे होती.

ती आजोबांच्या खिडकीशी गेली आणि दोन्ही हातांनी काच बडवली. "किल्ली काढा! आजोबा, किल्ली काढा!"

आजोबांनी किल्ली काढून काचेमागे ठेवली. समोर कुणी असलं की ती अशी दिसेल तिथं ठेवायची, हा त्यांचाच नियम. भिंगरी बाजूनं वाकली, दांडी सोडवली आणि त्यांच्यासमोर धरली.

आजोबांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"अरे... हां," ते म्हणाले. "इतकी वर्षं ट्रॅक्टर होता ना. सवय नाही गं." मग त्यांनी हात लांबवून तिच्या बाजूचं दार उघडलं. "चल, बस. काही झालं नाही ना? मग झालं तर."

भिंगरी दांडी घेऊनच वळसा घालून त्या दाराशी आली. तिच्या खुर्चीवर त्यांनी उशी ठेवली होती, तिला बाहेरचं नीट दिसावं म्हणून. पट्टा उलगडून ठेवला होता.

"काय झालं गं?" लांबून आईनं विचारलं.

"काही नाही!" आजोबाच ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्या दोघांत राहू दे, हं? तू आहेस की माझ्याबरोबर लक्ष ठेवायला." बोलता बोलता त्यांनी काचेमागची किल्ली पुन्हा हातात घेतली. 

भिंगरीनं उशीकडे बघितलं. त्यांच्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. 

तिनं दार बाहेरूनच लावलं, खिट्टी बसेपर्यंत दाबलं, आणि जड दांडी जमिनीवरून खरडत ओढत ती आईकडे चालू लागली.