खोली खाली करण्याचे कारण

ठाकुर्लीच्या त्या एका खोलीत रविवारी सकाळी कांता साडीला इस्त्री करत बसली होती. तीच साडी, आठवड्यात तिसऱ्यांदा. वीस वर्षे नाटकांचा कपडेपट सांभाळलेल्या हातांना स्वस्थ बसवत नव्हते. टाळेबंदीत नाट्यगृहांना कुलपे लागली आणि तिचे व सेट उभारणाऱ्या तिच्या नवऱ्याचे, जगनचे, काम एकाच दिवशी बंद पडले. या माणसांना ना पगार, ना रजा; प्रयोग झाला तर पाकीट.

आज मात्र काम होते. ठाण्याच्या क्षिप्राने, जिला कांताने कितीदा तरी नटवून रंगमंचावर ढकलले होते, पडद्यामागच्यांच्या मदतीसाठी ऑनलाइन प्रयोग ठरवला होता. नटमंडळी घरूनच नाटक करणार, लोक तिकीट काढून बघणार. मध्ये तीन मिनिटे कांताने स्वतःच्या घरातून दाखवायचे, की प्रवेश बदलताना नऊवारी झटपट कशी नेसवतात.

एवढ्यात घरमालक काळुरामांची सून ऋतिका दारात आली. "काकी, मी तिकीट काढलंय हां! मोठ्या टीव्हीवर लावणार. पप्पा पण बघणारेत."

कांताने इस्त्री बाजूला ठेवून साड्यांच्या कपाटाकडे पाहिले.

चार वर्षांपूर्वी खोली देताना काळुरामांनी एकच विचारले होते, "तुमी कोन लोक?" या प्रश्नाला खरे उत्तर देऊन आधी तीन जागा गेल्या होत्या. जगन म्हणाला, "नाटकवाले." काळुराम हसले, चावी मिळाली. त्याच दिवशी बाबासाहेबांची तसबीर साड्यांच्या कपाटात गेली. तेव्हापासून चौदा एप्रिलला आधी दार लावायचे, मग कपाट उघडून हात जोडायचे.

"कपाटाला हात लावू नकोस," जगनने दिवसभरात दहादा बजावले. "आता मालकांनी बाहेर काढलं तर जाणार कुठे? गाड्या बंद, गावची वेस बंद."

संध्याकाळी डब्याला टेकून मोबाइल उभा केला. लुगडे नेसायला दुसरे कोण मिळणार? मिशीवाल्या जगनलाच नटी व्हावे लागले. कांताच्या हातांनी वेग घेतला, निऱ्या बसल्या, बघणारे टाळ्यांची चित्रे पाठवू लागले. क्षिप्रालाही जोर चढला. प्रयोगात विंगेतून हाक मारायची तशीच ती ओरडली, "कांताकाकू, लवकर! शालू!"

विंगेतून हाक आली की हात थेट कपाटाला. वीस वर्षांची सवय ती. डोके जागेवर यायच्या आत कांताने दोन्ही दारे सताड उघडली.

शालूंच्या मधोमध निळ्या कोटातली तसबीर मोबाइलकडे बघत होती.

"बंद कर!" जगन कुजबुजला. पण तो लुगड्यात अडकलेला. कांताने कपाटाची दारे लोटायला हात लावला. हात मात्र पुढे सरकेना. ज्यांनी ताठ उभे राहायला शिकवले त्यांनाच आपण चार वर्षे कोंडून ठेवले, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने शालू काढला, जगनला नेसवला. कपाट उघडेच राहू दिले.

तीन मिनिटे संपली. मोबाइल बंद होतो न होतो तोच दार वाजले. मास्क लावलेले काळुराम, मागे ऋतिका.

"तुमी आमाला फसवलं. उद्याच्याला खोली खाली करा."

"खरं सांगितलं असतं तर चावी दिली असतीत का, काका?" कांता म्हणाली. "चार वर्षांत भाडं चुकलं? भांडण झालं? तुमच्या या सुनेला लग्नात शालू कोणी नेसवला?" तिने जगनच्या हिशेबाच्या वहीतला कागद फाडून पेनासकट पुढे केला. "कारण तेवढं लिहून द्या. मग निघतो आम्ही."

काळुरामांनी पेन सुनेकडे सरकवले. "लिही गो."

ऋतिकाने हात मागे घेतले. "मी नाय लिहिणार, पप्पा."

काळुरामांनी स्वतःच लिहायला घेतले: 'खोली खाली करण्याचे कारण'. पुढे पेन टेकलेलेच राहिले. मग कागद तिथेच ठेवून ते जिना उतरले.

कांताची भीती गेली, असे नाही. जिन्यात पाऊल वाजले की अजून तिच्या हातातली इस्त्री थांबते. पण तसबीर आता समोरच्या भिंतीवर आहे आणि खाली तो कागद. तुमच्या घरी भाड्याने द्यायला खोली असेल, तर ते वाक्य एकदा स्वतःच्या हाताने पुरे करून बघा.