लाभ, दोन, तीन, चार

मंडळी, एक सांगा. कचेरीचं दप्तर एक बोलतं, नातेवाईक त्याला मान डोलावतात आणि अंथरुणावरचा भ्रमिष्ट म्हातारा भलतंच सांगतो. कुणाचं खरं धराल? घाई नको, आधी माझं ऐका.

मी मापटं बोलतंय. धान्य मोजायचं, पितळेचं. जन्म तांबटाच्या हातोडीखाली, आयुष्य धान्याच्या दुकानात. मालक जिभेचा गोड, हाताचा सच्चा. गिऱ्हाईक म्हणे, "शेठ, जरा हलवून भरा." तो म्हणे, "हलवलं तर मी रडेन, नाही हलवलं तर तुम्ही. मापट्यालाच विचारू!" पण मोजताना त्याने 'एक' कधी म्हटलं नाही. पहिलं माप पडलं की 'लाभ', मग दोन, तीन. धान्यवाल्यांची जुनी रीतच ती.

त्याची थोरली मुलगी मला टोपी करून दुकानभर मिरवायची, कडेवर धाकटा भाऊ. सातव्या वर्षी ती तापाने गेली. आईला तिचं नाव ऐकवेना, म्हणून घरात ते कुणी घेईना. भावाला सांगितलं, "ताई मामाकडे गेलीय. येईल." पुढे आणखी दोन भावंडं झाली आणि तोच थोरला ठरला.

तो आता ऐंशी पार, अंथरुणाला खिळलेला. दाराकडे बघून सारखा विचारतो, "ताई आली का गं मामाकडून?" नाही म्हटलं की जेवत नाही.

त्याच्या लेकीने नगरपालिकेत जन्माची नोंद शोधली. आजोबांची मुलं तीन, थोरले बाबाच. मग आत्याला गाठलं.

"अगं, भ्रम झालाय त्याला. आम्ही तिघंच."

"आत्या, नीट आठव ना."

"काय आठवू, कपाळ? वडील जेवायला बसवताना आम्हाला मोजायचे. लाभ, दोन, तीन, चार. आम्ही खिदळायचो. पोरं तीनच, पण लाभ म्हटल्याशिवाय त्यांचं गाडं सुरू व्हायचं नाही!"

घरी येऊन लेक माझ्या मापाने डब्यात तांदूळ भरू लागली. "एक, दोन..."

आतून बाबा कडाडले, "धान्यवाल्याची नात ना तू? एक काय म्हणतेस? लाभ म्हण!"

तिचा हात थबकला. "म्हणजे लाभ म्हणजेच एक?"

"मग काय, अर्धा?"

"बाबा, तुम्ही कितवे?"

"दोन."

दुसऱ्या दिवशी तिने मृत्यूची नोंदवही काढायला लावली. त्यात एक ओळ होती: धान्यवाल्यांची मुलगी, वय सात, ताप. नाव नाही. जन्म खरंच मामाच्या गावचा, म्हणून इथे नोंद नव्हती.

लेक उशाशी बसली. "बाबा, ताई मामाकडे गेली नव्हती. ती तेव्हाच तापाने गेली."

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला कुणी सांगितलं का नाही? मी रोज दाराशी बसायचो." आणि तीन वर्षांच्या पोरासारखा रडला.

आता तो दाराकडे बघत नाही. दोन घास खातो, हाक मारत नाही. मी त्याच्या उशाशी असतं; माझ्यात त्याच्या गोळ्या ठेवतात.

मंडळी, पोराला खोटं सांगून वेळ निभते, पण पोर ते खोटं जन्मभर जपतं. धान्यात मूठभर इकडेतिकडे झालं तर चालवून घ्या. घरातली माणसं मोजताना मात्र गेलेलंही धरा, नावानिशी धरा. तेवढा हिशोब चोख ठेवा.