रुईवरच्या अळ्या

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले, पण चुका शोधायची खोड काही निवृत्त झाली नाही. जिन्यात चप्पल तिरकी दिसली तरी त्यांच्या कपाळाला आठी. अशा माणसाने मागच्या अंगणातल्या फरश्या उखडून तिथं रान वाढू द्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांच्या भुवया वर गेल्या.

कारण पहिल्या मजल्यावर खिडकीशी बसलेलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, जिना उतरायला तयार नव्हत्या. डॉक्टर म्हणत, पाय बरा झालाय, भीती राहिलीय. सेक्रेटरींनी फारच विनवलं तेव्हा काकू म्हणाल्या, "खाली आहे काय बघायला, तुमच्या फरश्या? फुलपाखरं आली की उतरेन."

म्हणून हे रान. गवत कमरेला लागलं, रुई आपोआप उगवली. एखादं फुलपाखरू यायचं, रुईवर टेकून निघून जायचं. "एकानं काय होतंय? थवा येऊ दे," काकू भाव वाढवायच्या.

सेक्रेटरींनी कारण शोधलं: अळ्या. पानं कुरतडलेली, मग पाहुणे टिकणार कसे? रोज सकाळी, काकू उठायच्या आत, ते चिमट्यानं अळ्या वेचून डब्यात भरायचे आणि नाल्यापलीकडे सोडून यायचे.

एके दिवशी काकूंना लवकर जाग आली.

"अहो, काय टिपताय?"

"अळ्या. पानांची पार चाळण केलीय."

"आणि फुलपाखरं कशातून होतात?"

चिमटा हवेतच थांबला. "त्या वेगळ्या असतील," असं म्हणून त्यांनी पुढची अळी उचलली.

खिडकी रिकामी झाली. मग जिन्यात काठी वाजली, पाऊल, पुन्हा काठी. शेजारीण हात द्यायला धावली, तर काकू म्हणाल्या, "बाजूला हो गं, कठडा मोकळा सोड."

अंगणात येऊन त्यांनी डब्यात डोकावलं. "ठेवा परत."

"सगळ्या?"

"एकेक. आणि हळू, पोट दबेल त्यांचं."

सेक्रेटरी एका पानावर एक, अशा ठेवू लागले.

"रांगेत कशाला? हजेरी घ्यायचीय?"

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. "अगं, तू उतरलीस."

"मग काय करू? वरून बोललेलं तुम्हाला कधी पटलंय? आता वर कशी जाऊ ते बघा."

"ते मग बघू," म्हणत सेक्रेटरी खुर्ची आणायला वळले. वाटेत चष्मा पुसण्यात बराच वेळ गेला. काकू तोवर उभ्याच होत्या, उरलेल्या अळ्या बोटानं पानांवर सोडत.