तुझा देऊळ

देवळाबाहेरच्या मांडणीवर जोड्यांचा नुसता बाजार मांडला होता आणि अरुणा त्यात पांढरे ट्रेनर्स शोधत होती. सात नंबरचे, डाव्याची नाडी कायम सुटलेली. बाकीची मंडळी केव्हाच आपापले जोडे चढवून सावलीत जाऊन उभी राहिली होती.

"मॅडम, तुमच्या सँडल्स इथे आहेत," गाइड म्हणाली, आणि तिने त्या उचलून अरुणाच्या पायांपुढे ठेवल्यासुद्धा.

अरुणाने सँडल्स घातल्या. आपण दुसऱ्याच कुणाचे जोडे शोधतोय, हे या गोड बाईला सांगायची सोय नव्हती. ते ट्रेनर्स वेल्समध्ये, कार्डिफच्या घरी जिन्याखालच्या कपाटात एका पिशवीत होते. दोन वर्षांपूर्वी मिलिंदने, तिच्या नवऱ्याने, ते याच देशातून परत आणले होते आणि त्या पिशवीची गाठ अजून कुणी सोडली नव्हती.

कुश त्यांचा एकुलता एक. चोविसाव्या वर्षी पहिली नोकरी सोडली, पाठीवर पिशवी टाकली आणि निघाला जग बघायला. बँकॉकमध्ये त्याने एका दिवसाची सिटी टूर घेतली, तीन देवळं आणि नदीची सैर, आणि दिवसभर आईला फोटो पाठवत राहिला. पुढे त्याच आठवड्यात एका बेटावर ओल्या वळणावर त्याची स्कूटर घसरली. कुणाचा दोष नव्हता. त्यामुळे ज्याच्यावर रागवावं असंही कुणी नव्हतं.

त्याला घरी आणायला मिलिंद एकटाच गेला होता. आल्यापासून त्याने कुशचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. कठोर माणूस नव्हे तो. तोंड उघडायचा, पुन्हा मिटायचा, आणि मग जेवणाच्या टेबलावर कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिन्स आणि शेजाऱ्यांचं वाढलेलं कुंपण एवढेच विषय उरायचे. अरुणाला हळूहळू धास्ती वाटायला लागली, की हे असंच चाललं तर एक दिवस आपलं पोरगं होतं की नव्हतं, हेच आपल्याला सांगता येणार नाही. त्याला शेवटचं हसताखेळता पाहिलेलं माणूस कोण, याचा ती विचार करू लागली. फोटोत एक माणूस होतं. फुलाफुलांची टोपी घातलेली बाई, आणि खाली कुशने लिहिलेलं, 'ही पिम. आमची गाइड. टोटली मॅड.'

"अगं, ती बाई रोज पंधरा-वीस माणसं फिरवते," मिलिंद म्हणाला होता. "तिला दोन वर्षांपूर्वीचं एक पोरगं कशाला आठवेल? हात हलवत परत येशील."

"आणि आठवलं तर?"

"आणि नाही आठवलं तर?" त्याने विचारलं होतं. त्याला त्या देशात पुन्हा पाऊल ठेवायचं नव्हतं. अरुणाने तीच टूर बुक केली आणि ती एकटीच विमानात बसली.

तिच्याही मनात तीच भीती होती, आणि ती तिला अनुभवाने आलेली होती. हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये ती रिसेप्शनवर बसायची. नावं पुकारायची, फॉर्म घ्यायची, खुर्च्या दाखवायची. इतकी वर्षं इतके चेहरे समोरून गेले, पण घरी आल्यावर एकही आठवत नसे. एक म्हातारा कोटाच्या खिशात कासव घेऊन आला होता, तेवढा मात्र लख्ख आठवायचा.

सकाळी व्हॅनमध्ये बसल्याबसल्या तिने पिमला कुशचा फोटो दाखवला होता. हा माझा मुलगा, तुमच्याच टूरवर होता, एवढंच सांगितलं. पुढचं काही नाही. पिमने चष्मा कपाळावर चढवून फोटो निरखला आणि तोंडभर हसली.

"हो हो, आठवतो की. उंच मुलगा. गर्लफ्रेंडबरोबर आला होता."

कुश बापाइतकाच बुटका होता आणि आला होता एकटा. हे 'हो हो' अरुणाच्या चांगल्या ओळखीचं होतं. ती स्वतः दर आठवड्याला कुणा ना कुणा आजीला अगदी असंच म्हणायची. तिने थँक्यू म्हणून फोन पर्समध्ये ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. सहा हजार मैल तुडवून आपण नेमकं काय ऐकायला आलो, असं तिला झालं.

पण दिवस तर काढायचा होता. फोटो बघून बघून पाठ झालेले. जिथे तो उभा होता तिथे जाऊन ती उभी राहायची. सोनेरी भिंतीला हात लावायची, कारण फोटोत त्याचा हात तिथे होता. भिंत उन्हाने तापलेली असायची. एकदा गर्दीत पाठीवर निळी पिशवी आणि मानेवर तसेच वाढलेले केस दिसले. ती चालायलाच लागली त्याच्या मागे. पोरगा वळला तेव्हा तो भलताच कुणी निघाला, आणि आपण हाक मारली की नुसतेच ओठ हलले, ते तिला नक्की कळलं नाही.

त्यात पिमचं ते बोलणं. बाई प्रत्येक वाक्याला शेवटी 'खा' जोडायची. नमस्काराला सवादी खा, मग थँक्यू खा, इकडे या खा. ती त्यांची आदबीची रीत होती, पण मराठी कानांना दिवसभर कुणीतरी जेवायचा आग्रह करतंय असंच वाटावं. एरवी अरुणा पोट धरून हसली असती.

दुपारी मंडळी नदीकाठच्या मोठ्या देवळात गेली. त्याचं नाव वाट अरुण. अरुणाचं, म्हणजे पहाटेचं मंदिर. या देवळाच्या फोटोखाली कुशने रोमन लिपीत लिहिलं होतं, 'आई, तुझा देऊळ सापडला.' तिला त्याने धाडलेलं ते शेवटचं वाक्य. त्यातली चूक तिने तेव्हाही काढली नव्हती. ती पायरीवर बसली आणि पिमने बोलावेपर्यंत उठली नाही. कुणीतरी शेजारी बसलंय, असं तिला वाटत होतं. ती वळून बघत नव्हती, कारण बघितलं की जागा रिकामी दिसणार होती.

परतीच्या बोटीत पिम सगळ्यांना थाई शिकवायला लागली. बायकांनी शेवटी 'खा' म्हणायचं, पुरुषांनी 'ख्रप'. लीड्सहून आलेल्या एका आजोबांनी छाती फुगवून 'ख्रप' म्हटलं आणि त्यांना टाळ्या मिळाल्या.

"तुम्ही हुशार," पिम म्हणाली. "माझ्याकडे एक मुलगा आला होता. मी म्हटलं, तू इंग्लंडचा. तो म्हणाला, नो, वेल्स. मला वेल्स कुठे माहीत? त्यांच्या झेंड्यावर ड्रॅगन असतो, ते त्याने बोटीपर्यंत मला समजावलं. त्याला म्हटलं, तू ख्रप म्हण. तो म्हणाला, खा. अरे, तू मुलगी आहेस का? दहादा सांगितलं. शेवटी म्हणाला, मी घरीसुद्धा आईसारखंच बोलतो. मला आईने शिकवलंय. डॅड रोज ओरडतात. डॅडसाठी बदललो नाही, तर बँकॉकसाठी कशाला बदलू?"

बोटीत हशा पिकला.

"दिवसभर," पिम हात नाचवत म्हणाली, "बाजारात, देवळात, म्हाताऱ्या भिक्षूंपुढेसुद्धा, सवादी खा, सवादी खा. हा आमचा बोटवाला अजून विचारतो, तो खावाला पोरगा पुन्हा आला नाही का?"

सुकाणूवरच्या माणसाला इंग्रजी येत नसावं, पण 'खा' ऐकून तो मागे वळला आणि दात काढून हसला. ही गोष्ट त्याने रोज ऐकलेली होती.

अरुणाने बाकाची कड घट्ट धरली. कुश लहान असताना मिलिंद सॉफ्टवेअरच्या कामासाठी आठवडाभर लंडनला असायचा. घरात मराठी बोलायला पोराला एकटी आईच. तो तिचीच भाषा उचलून बसला, बाईमाणसाच्या रूपांसकट. मी जेवले. मी दमले. मी खेळायला जाते. शनिवारी बाप घरी आला, की त्याची शिकवणी सुरू व्हायची. अरे, 'येते' काय, 'येतो' म्हण. मोठा झाल्यावर कुशला फरक कळायला लागला होता, पण बापाला चिडवायची ही संधी तो कशाला सोडतोय? दारातून बाहेर पडताना मुद्दाम मान वेळावून म्हणायचा, "बाबा, मी येते."

पिमला त्याचा चेहरा आठवत नव्हता. पण त्याचं बोलणं ती रोज या नदीवर, कुठकुठल्या अनोळखी माणसांना ऐकवत होती.

धक्क्यावर उतरल्यावर पिमने अरुणाला बाजूला घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं.

"मॅडम, तुम्हाला माझा जोक लागला का? तुम्ही रडत होतात. मुलगा आणि मुलगी यावरचे जोक हल्ली काही लोकांना आवडत नाहीत. मी उद्यापासून सांगणार नाही."

सगळं अरुणाच्या जिभेवर आलं होतं. तो माझा मुलगा. तो आता नाही. एवढं म्हटलं असतं की पिमने हात जोडले असते, गळ्यात पडून रडली असती, आणि पुन्हा कधीही ती गोष्ट सांगितली नसती. बोटवाल्यालाही कळलं असतं. मग इथेही सगळे गप्प बसले असते, घरच्यासारखे.

"नका थांबवू," अरुणा म्हणाली. "चांगली आहे गोष्ट. रोज सांगा."

पिमचा जीव भांड्यात पडला. "खरं ना? मला नेहमी वाटतं, आता त्याला मोठी नोकरी असेल. लग्न झालं असेल. आणि तिथेही खा, खाच म्हणत असेल."

"असेल," अरुणा म्हणाली. त्या एका शब्दाला तिला फार बळ लागलं.

संध्याकाळी हॉटेलवरून तिने फोन लावला. कार्डिफमध्ये दुपार होती. मिलिंदने लगेच उचलला, जणू हातातच धरून बसला होता. जेवलीस का, उकाडा किती आहे, वगैरे झालं.

"आठवलं तिला?"

"चेहरा नाही आठवत."

"मी म्हटलं होतं तुला," तो हळूच म्हणाला. त्यात जिंकल्याचा सूर नव्हता.

"बोलणं आठवतं," अरुणा म्हणाली, आणि तिने त्याला सगळं सांगितलं. ड्रॅगन, भिक्षू, ओरडणारे डॅड, काहीही वगळलं नाही.

"बोटवाला अजून विचारतो?" मिलिंदने विचारलं.

"अजून विचारतो."

तो हसला. मग त्याचं हसणं कुठेतरी अडकलं आणि त्याने नाक ओढलं. "कुश म्हणजे ना," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा. पुढचं वाक्य त्याला जमेना. अरुणाने घाई केली नाही.

"शनिवारी सकाळी लँड होतेस ना?" शेवटी तो म्हणाला. "बस-बिस काही घेऊ नकोस. हीथ्रोला मी येते."

अरुणाने डोळे मिटून घेतले.

"ये," ती म्हणाली.