माझं स्वप्न अर्लीनने ओळखलं

"स्वप्न दाबून ठेवू नकोस गं. डोक्यात आंबतं ते," व्हर्ना मावशी म्हणाली होती.

"मावशी, झोप झाली नाही की असंच होतं. आम्हाला कॉलेजात मानसशास्त्र होतं."

"होतं ना? मग झोप बरं!"

झोप कुठली! तान्ह्या लेकीची छाती वरखाली होतेय ना, हे बघत बसायचे. नवरा, कोरी, तिला घ्यायला आला की मी पाठ फिरवायचे. त्याच्या हातून पडली तर? माझं जेवणखाण, केस विंचरणं, सगळं एका हाताने. आणि जरा डोळा लागला की तेच स्वप्न: लेकीला कुणाच्या तरी हातात देऊन मी बर्फावरून पळत सुटलेय, रिकाम्या हातांनी, खदाखदा हसत. दचकून उठायचे. कसली आई मी? कुणाला सांगितलं तर लेक काढून घेतील, ही धास्ती वेगळीच.

आम्हा सेनेकांची, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ जमातीची, जुनी माणसं अशा दुखण्याला वेड म्हणत नसत. जिवाला आतून काहीतरी हवं असतं, ते तोंडाने मागता येत नाही, म्हणून तो स्वप्नात दाखवतो. मिळालं नाही तर माणूस खंगत जातो, असं ती मानायची. म्हणून ऐन हिवाळ्यातल्या सणात स्वप्नं ओळखायची. स्वप्न पडलेल्याने नुसतं कोडं घालायचं, आपल्या नव्हे, समोरच्या बाजूच्या कुळांनी उत्तर शोधायचं, आणि ओळखेल त्यानेच ते पुरं करायचं.

यंदा मावशीने मला दंडाला धरूनच लांबघरात, आमच्या सणांच्या लांबलचक सभाघरात, नेलं. समोरच्या बाकांवर हरीण आणि ससाणा कुळांची माणसं, त्यांच्यात कोरीही, तो त्यांच्याकडचाच. लेक माझ्या छातीशी घट्ट. मी कसंबसं पुटपुटले, "माझ्यापाशी असलं की जड, तुमच्यापाशी गेलं की हलकं."

"सरपण!"

"मक्याचं पोतं!"

"धुणं," कोरी म्हणाला.

"तू कधी उचललंस रे धुणं?" एक म्हातारी ओरडली. सगळं लांबघर हसलं.

"अगं, मग हाच असेल तो जड! परत पाठव याला, आम्ही सांभाळू!" तीच पुढे म्हणाली.

मीही फिसकन हसले. माझंच हसू मला अनोळखी वाटलं.

तेवढ्यात हरीण कुळातली अर्लीन उठली. तीन पोरांची आई, आणि शाळेत जाळीदार काठ्यांनी चेंडूचा लॅक्रॉस खेळताना मला हमखास चिखलात लोळवणारी. जवळ येऊन तिने माझ्या आखडलेल्या हाताकडे बघितलं.

"बाळ," ती म्हणाली.

"ओळखलं," मी म्हणाले, आणि मग सगळंच बाहेर पडलं. "स्वप्नात मी हिला टाकून पळते, अर्लीन."

"टाकून कुठे? देऊन पळतेस. कुणाकडे देतेस?"

"तोंड दिसत नाही."

"आता दिसतंय ना? बघून घे नीट. आण इकडे."

मी मावशीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती, लबाड! मग दिली. लेक जराशी कुरकुरली आणि अर्लीनच्या खांद्यावर गाल टेकून गप्प झाली.

"उभी काय राहिलीस? जिवाला पळायचंय ना? पळ!"

मी पळाले. बाहेर लख्ख ऊन, टेकाडावर पोरांची घसरगाडी. तिच्यावर पालथी पडून सुसाट खाली गेले, किंचाळत, तोंडभर बर्फ घेऊन. पुन्हा वर चढले, पुन्हा घसरले. पोरं रांग लावून भांडायला लागली, "आंटी, आमची पाळी!"

परत आले तेव्हा अर्लीन एका हाताने मक्याचं सूप ओरपत होती आणि लेक तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

"आता आपण जन्माच्या मैत्रिणी," ती म्हणाली. "रीतच आहे तशी. मला काही हौस नाही."

तेव्हापासून ती येते, लेकीला घेऊन जाते आणि मला अंथरुणात ढकलते. भीती पुरती गेलेली नाही. दवाखान्यातही जातेच मी. पण काल कोरीने लेकीला अंघोळ घातली आणि मी शेजारच्या खोलीत गाणं लावून नाचले.

तुमच्या ओळखीत नुकतीच बाळंत झालेली कुणी असेलच. बाळ बघायला सगळेच जातात. तुम्ही आज तिला बघून याल का?