वाडीचं स्वतःचं बूथ

वाडीला स्वतःचं मतदान केंद्र मिळालं तेव्हा पेढे वाटले होते, आणि ते जोतिबानंच वाटले होते, हे आधीच सांगून टाकतो. मिल्ट्रीतनं सुभेदार होऊन परतलेला हा माणूस चार वर्षं अर्जावर अर्ज करत होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी ओढा ओलांडून तीन किलोमीटर चालायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. शेवटी वीरधवलदादांनी वर शब्द टाकला आणि झेडपीच्या निवडणुकीला मशीन थेट वाडीच्या शाळेत आलं. यादीत नावं अठ्ठ्याऐंशी. अहो, खूष नसायला काय झालं वाडीला!

दादा स्वतःच उभे होते. दादा म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन. कुणाच्या उसाला तोड, म्हणजे तोडणीची टोळी, कधी पाठवायची आणि पंचायतीत कुणाला कामावर ठेवायचं, दोन्ही त्यांच्याच हातात. वाडी आज्या-पणज्यांपासून त्या घराला मत देत आलेली. तरी मतदानाच्या आदल्या दिवशी भैरोबाच्या देवळात सगळ्यांना बोलावून, मत दादांनाच अशा शपथेचा बेलभंडार उचलायला लावला. फक्त केरूनं उचलला नाही. वाडीत बौद्धांचं घर त्याचं एकट्याचं.

"आमच्या घरात भंडारा उचलत न्हाईत, दादा," केरू हात जोडून म्हणाला. "पन शब्द दिला म्हंजे दिला. आमची तिन्ही मतं तुमाला."

जोतिबानं मात्र सगळ्यांच्या आधी उचलला आणि दुसऱ्या दिवशी झेडपीच्या मशीनवर मानसिंगचं बटण दाबून आला! दादांच्या विरोधात उभा राहिलेला हा मानसिंग. जोतिबाची बायको बनुबाई गेल्या साली अंगणात कोसळली तेव्हा दादांचा फोन लागेना, आणि मानसिंगनं तिला स्वतःच्या जीपमधून कराडला नेलं होतं. ती काही वाचली नाही. पण शेवटपर्यंत तिचं डोकं त्या माणसानं मांडीवर धरलं होतं. एक मत त्याला द्यावं असं जोतिबाला मनापासून वाटलं. गुप्त असतं म्हणतात ना!

गुप्त कसलं डोंबलाचं! मोजणीच्या दिवशी टेबलावर बूथवार आकडे वाचून दाखवले. वाडीत मतदान एक्याऐंशी. दादांना ऐंशी, मानसिंगला एक.

दादा सहा हजारांनी निवडून आले होते, एका मतानं त्यांचं काय वाकडं होणार होतं? पण गुलाल धुवायच्या आतच वाडीत शोध सुरू झाला, तो एक कोण. उत्तर सापडायला तास लागला नाही. भंडारा कुणी उचलला नव्हता? केरूनं. संपलं. त्याच्या घरात तीन मतं आहेत, मग तीन का फुटली नाहीत, एवढा साधा हिशेब एकाही शहाण्याला सुचला नाही. सुचला तो जोतिबाला, आणि तो मूग गिळून बसला.

सोमवारी केरूच्या लेकीला, मायाला, पंचायतीतल्या कॉम्प्युटरवरच्या कामावरून घरी बसवलं. सहा वर्षं करत होती ती ते काम. केरूच्या घरात येणारा पगार तेवढाच.

केरू जोतिबाच्या ओट्यावर येऊन बसला. दोघं चौथीपर्यंत एका बाकावर होते.

"गड्या, मी दादालाच दिलं रं. पोरीच्या कामापायी दिलं. तुला तरी पटतंय न्हवं?"

"पटतंय," जोतिबा म्हणाला.

एवढंच बोलून तो फडाकडं बघू लागला. मागं तीन एकर ऊस उभा होता, तुरे येऊन वजन घटत चाललेला, तोड अजून मिळालेली नव्हती. त्याला स्वतःची मरणाची लाज वाटली.

आठ दिवस घास गोड लागला नाही. नवव्या दिवशी तो उठला आणि तडक दादांच्या बंगल्यावर गेला.

"दादा, त्ये एक मत माजं हुतं. केरूचं न्हाई."

दादांनी चहा पुढं सरकवला. "मला ठावं हाय, सुभेदार. काकींना जीपमधनं कुनी न्हेलं त्ये काय मला कळलं न्हाई व्हय?"

"मग त्या पोरीला का काढली?"

"कुनाला तरी काढायलाच लागतंय. न्हाईतर फुडल्या खेपेला एकाचे ईस हुत्याल. तुमाला हात लावला तर भावकी फुटती. केरूच्या मागं हाय कोन?"

"मी देवळात समद्यांम्होरं सांगनार हाय."

"सांगा की," दादा हसत म्हणाले. "तुमी आपलं मानूस. उद्या तोड येतीया तुमच्या फडात. जावा आता."

सकाळी खरंच टोळी आली. जोतिबानं मनाशी म्हटलं, आज ऊस जाऊ दे, उद्या देवळात उभं राहून सांगतो. दुपारी बांधावरून केरू आला. खांद्यावर वळकटी, मागं बायको पारूबाई आणि माया. मलकापूरला मेव्हण्याकडं चालले होते. तिथं पोरीला काहीतरी काम मिळेल म्हणे.

"बरं झालं गड्या, तुजा ऊस तुटला," केरू म्हणाला. तो हे खरंच मनापासून म्हणाला, आणि जोतिबाला खाली बघावं लागलं. केरूनं वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "जाता जाता इचारतो. त्यो एक कोन असंल रं?"

माया जोतिबाकडं बघत होती.

"कुनास ठावं," जोतिबा म्हणाला, आणि मागं येणाऱ्या ट्रॅक्टरला हात दाखवायला वळला.